दुसरी मेणबत्ती आणि सोमवारचा बंदोबस्त

रविवार, 8 डिसेंबर 2024. आगमनकाळाचा दुसरा रविवार होता. बेळगावातल्या चर्चांमध्ये वेदीजवळच्या हिरव्या चक्रातली दुसरी मेणबत्ती पेटली. बऱ्याच मंडळ्यांमध्ये तिला शांतीची मेणबत्ती म्हणतात. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, बेळगावातल्याच सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू झालं. बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याला परवानगी नाकारलेली होती, ठिकठिकाणी जमावबंदी होती, नेत्या-कार्यकर्त्यांची धरपकड झाली. 2025 मध्येही क्रम तोच, 7 तारखेला मेणबत्ती आणि 8 तारखेला अधिवेशन. 2023 मध्ये पहिला रविवार 3 डिसेंबरला आला आणि अधिवेशन 4 ला. कॅलेंडर बघून कुणी हे जुळवलेलं नाही. पण बेळगावच्या ख्रिस्ती माणसाला शांतीबद्दल बोलायचं असेल तर या सोमवाराला वळसा घालून जाता येणार नाही. आणि आम्ही वर्षानुवर्षं नेमका तोच वळसा घालत आलोय.

नाताळच्या आधीचे हे चार रविवार म्हणजे वाट बघण्याचे दिवस. मेणबत्त्यांचं चक्र मुळात 1839 मध्ये हॅम्बुर्गला गरीब मुलांच्या एका आश्रमात सुरू झालं. योहान हिनरिक विखर्न नावाच्या पाळकाने गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, का तर ‘नाताळ किती दिवसांवर आला?’ म्हणून पोरं रोज डोकं खायची. बेळगावच्या मराठी माणसाला वाट बघायला असं चाक लागत नाही. 1956 ला राज्य पुनर्रचना झाली, 1967 ला सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल आला, 2004 ला महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, आणि अजून तारखा पडतायत. आजोबांनी बघितली, बापाने बघितली, आता नातू बघतोय. त्यामुळे ‘धीर धरा, वाट बघा’ असा उपदेश इथल्या वेदीवरून करताना जरा जपून करावा. समोरच्या बाकावर बसलेल्यांनी त्यात पीएचडी केलेली असते.

माझं म्हणणं असं आहे, की सीमाभागातल्या आम्हा ख्रिस्ती लोकांनी शांती म्हणजे मान खाली घालून डिसेंबर काढायचा, असा सोयीचा अर्थ लावून घेतलाय. रस्त्यावर काही चाललं असेल तर त्या दिवशी कॅरलची फेरी दुसऱ्या गल्लीतून न्यायची. राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर बस अडवल्या तर पाहुण्यांना ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणून कळवायचं. मराठी-कन्नडवरून गल्लीत तापलं तर ‘आपल्याला काय करायचंय, आपण देवाची माणसं’ म्हणून दार लावून घ्यायचं. आणि मग रविवारी एकमेकांकडे वळून, हसून, शांती द्यायची आणि घ्यायची. आगमनकाळात जी वाचनं होतात ती मी जितकी नीट वाचतो तितकं मला दिसतं, की या दार लावून घेण्याला त्यांचा आधार नाही.

गप्प बसणं आमचा स्वभावच आहे म्हणावं, तर तसंही नाही. 2021 चा डिसेंबर आठवा. अधिवेशन 13 तारखेला सुरू झालं. त्यात धर्मांतरविरोधी विधेयक येणार हे सगळ्यांना माहीत होतं. अधिवेशन होईपर्यंत प्रार्थनासभा टाळा, असं पोलिसांनी इथल्या काही पाळकांना सांगितल्याच्या बातम्या तेव्हा छापून आल्या. त्याच सुमारास बेळगावातल्या एका चर्चच्या आवारात एक माणूस हत्यार घेऊन फादरांच्या अंगावर धावून गेला. 23 डिसेंबरला, नाताळच्या दोन दिवस आधी, विधानसभेने ते विधेयक मंजूर केलं, आणि तेही बंगळुरूत नाही, इथे आमच्या गावात. तेव्हा चर्च बोललं. बंगळुरूचे आर्चबिशप पीटर मचाडो यांनी उघड विरोध केला, निवेदनं गेली, सभा झाल्या. आणि ते योग्यच होतं. ‘शांतता राखा, सध्या प्रार्थना करू नका’ असं सांगणाऱ्याची शांतता ही आमची शांती नाही, हे त्या वेळी आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही.

मग शेजाऱ्याच्या वेळी ही अक्कल कुठे जाते? येळ्ळूरच्या वेशीवरचा ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेला फलक 2014 मध्ये काढला आणि गावात लाठ्या चालल्या, तेव्हा ते ‘राजकारण’ होतं. 6 डिसेंबर 2022 ला हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगड पडले आणि तिकडे पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं गेलं, तेही ‘राजकारण’. फेब्रुवारी 2025 मध्ये बेळगावजवळ मराठीत उत्तर दिलं नाही म्हणून एका बस कंडक्टरला मारहाण झाल्याचा गुन्हा दाखल झाला, त्यानंतर चित्रदुर्गकडे महाराष्ट्राच्या एसटी ड्रायव्हरला काळं फासलं गेलं, आणि दोन्हीकडच्या गाड्या बंद पडल्या. तेव्हाही आम्ही टीव्हीचा आवाज कमी केला. तिकीट फाडणारा एक माणूस आणि स्टिअरिंग धरणारा एक माणूस, दोघंही पगारावर, दोघांच्याही घरी लोक जेवायला थांबलेले. यांच्या बाजूने बोलायला कुठल्या पक्षाचं सदस्यत्व लागतं?

आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी, तीन वर्षांच्या चक्रातल्या एका वर्षी, लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातला उतारा वाचतात. 15 डिसेंबर 2024 ला तोच होता. इकडे चर्चमध्ये वाचन, तिकडे अधिवेशन चालू. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे लोक येतात आणि विचारतात, आम्ही काय करावं? मला त्या प्रश्नापेक्षा उत्तरं फार आवडतात. दोन अंगरखे आहेत त्याने एक नसलेल्याला द्यावा, अन्नाचंही तसंच. जकातदार विचारतात, त्यांना म्हणतो, ठरवून दिलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपाई विचारतात, त्यांना म्हणतो, कुणाला धाक घालून पैसे उकळू नका, खोटा आळ घेऊ नका, आपल्या पगारात भागवा. बस्स. जकातदाराला तो नोकरी सोड म्हणत नाही. शिपायाला डोंगरावर जाऊन डोळे मिटून बस म्हणत नाही. ज्याचं जे टेबल आहे त्या टेबलावर त्याने कसं वागायचं, एवढंच सांगतो. प्रभूची वाट तयार करा म्हणणारा हा माणूस, आणि त्याच्या हिशेबी वाट तयार करायची ती जकात नाक्यावर. कोगनोळीचा नाका बघितलेल्या माणसाला हे समजायला टीकाग्रंथ लागू नये.

नाताळची गोष्टही, बघायला गेलं तर, सरकारी कागदापासूनच सुरू होते. सम्राटाचा हुकूम निघाला, नोंदणी करायची, ज्याने त्याने आपल्या मूळ गावी जायचं. म्हणून एक सुतार पोटुशी बायको घेऊन नासरेथहून बेथलेहेमला निघाला. गोठा, मेंढपाळ, तारा हे सगळं नंतर. आधी रांग.

म्हणून आपणही रांगेपाशी थांबू. नाडकचेरीची, म्हणजे इथल्या महसूल कार्यालयाची, खिडकी. जांबोटीकडून पहिल्या बसने आलेली साठीची एक बाई, काखेत कापडी पिशवी, पिशवीत पुन्हा प्लास्टिकची पिशवी, तिच्यात आधार, रेशन कार्ड, जमिनीचा उतारा, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला. अर्ज कन्नडमध्ये. ती मराठी शाळेत चौथी शिकलेली, म्हणजे वाचता येतं, पण हे नाही. कागद उलटा धरलाय की सुलटा, हे ती खालच्या गोल शिक्क्यावरून ठरवते. आतून विचारणा होते, ‘कन्नडा बरतदेनु?’ म्हणजे कन्नड येतं का. ती नकारार्थी मान हलवते. बाहेर झाडाखाली अर्ज भरून देणारा एजंट असतो. तो पैसे घेतो आणि नावात एक अक्षर चुकवून ठेवतो, म्हणजे पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच्याकडेच यायचं. आता खिडकीच्या आतली बाजूही बघू. आतली मुलगी रायचूरकडून बदली होऊन आलेली, गावात ओळखीचं कुणी नाही, खोलीभाडं अवाच्या सवा, आणि रांगेतली माणसं तिला मराठी कळत नाही असं समजून तिच्याबद्दल जे बोलतात ते तिला एव्हाना बरंचसं कळायला लागलंय. त्या खिडकीच्या दोन्ही बाजूंना अपमान आहे. दोघींनाही तो घरी घेऊन जावा लागतो.

कायदा इथे मुका नाही. संविधानाचं कलम 350 सांगतं, की तक्रार-निवेदन देणाऱ्याला संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत ते देता येतं. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांच्या वर आहेत तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हेही देशपातळीवर मान्य झालेलं तत्त्व आहे. सीमाभागातला मराठी माणूस मराठी कागद मागतो तेव्हा तो भीक मागत नाही आणि दंगाही करत नाही. हे एवढं वाक्य चर्चच्या व्यासपीठावरून उच्चारलं तर कोणतं पाप लागतं ते मला कुणी सांगावं. त्याच दमात हेही सांगावं, की कंडक्टरच्या अंगावर हात टाकणारा मराठीची सेवा करत नाही.

आमच्यातले जाणते लोक यावर म्हणतात, आपण मूठभर. कन्नड संघटनांच्या डोळ्यांवर आलो तर मेलो, मराठी संघटनांच्या आलो तरी मेलो. आधीच ‘धर्मांतरवाले’ म्हणून शिक्का आहे. ही भीती खोटी नाही, 2021 नंतर तर मुळीच नाही. पण मूठभर असण्याचा एक फायदा आम्ही कधी मोजतच नाही. बेळगावात एकाच छपराखाली मराठी, कन्नड, कोंकणी, तमीळ बोलणारी माणसं दर आठवड्याला गुडघे टेकतात, अशा जागा किती आहेत? मराठीशी आमचं नातं तर पाहुण्याचंही नाही. बाबा पदमनजी याच बेळगावात 1831 मध्ये जन्मले, 1854 मध्ये इथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तीनच वर्षांनी विधवांच्या दुःखावर त्यांनी जे ‘यमुनापर्यटन’ लिहिलं त्याला मराठीतली पहिली कादंबरी मानतात. म्हणजे बेळगावच्या एका ख्रिस्ती माणसाने शेजारणीचं दुःख ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणून सोडून दिलं नाही, आणि त्यातून मराठीला कादंबरी मिळाली.

छपराखाली सगळे असले तरी छपराखाली सगळं गोड आहे असं मात्र नाही. बाहेरच्यांना शांती वाटायला निघण्याआधी आमच्या घरातलं भांडण सांगितलं पाहिजे. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने 1963 मध्ये लोकभाषेतल्या उपासनेला वाट करून दिली. लॅटिन होती तोवर सगळे सारखेच अडाणी होतो, त्यामुळे भांडण नव्हतं. नंतर लोकभाषा म्हणजे कुणाची, हा प्रश्न आला. बंगळुरूच्या धर्मप्रांतात कन्नड की तमीळ यावरून किती वर्षं गेली आणि किती कटुता झाली ते जगजाहीर आहे. आमच्याकडे एवढं टोक गाठलं जात नाही, पण सकाळची आठची वेळ कुणाच्या भाषेला आणि दुपारची उन्हाची कुणाच्या, नाताळच्या रात्री पहिलं गाणं कोणतं, वाचनाला कुणाची मुलगी उभी राहणार, यावरून कमिटीच्या बैठकीत जी धुसफूस चालते ती नोव्हेंबरच्या शेवटी सुरू होते आणि थेट जानेवारीतल्या एपिफनीच्या सणापर्यंत पुरते. गायकगटातल्या मराठी बायका कन्नड गाणं आलं की वह्या मिटतात. कन्नड बायका मराठी गाण्याला खोकला काढतात. इंग्रजीवाले दोघांकडे बघून हसतात, आणि हे हसणं सगळ्यात वाईट.

येशूचं या बाबतीतलं सांगणं अवघड नाही, फक्त गैरसोयीचं आहे. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे आठवलं, की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर, मग ये. लक्ष द्या, ‘तुझ्या मनात काही असेल तर’ असं ते नाही. ‘त्याच्या मनात’ असेल तर. तुम्ही स्वतःला निर्दोष समजत असाल तरी उठून जायचं तुम्हीच. हे एक वाक्य आगमनकाळातल्या एखाद्या रविवारी अमलात आणायचं ठरवलं तर अर्धं चर्च दारातूनच परत फिरेल. फिरू दे. समोरच्या भाषेतलं एक गाणं आपल्या आवाजात पाठ करून म्हणायचं, हा माझा कमिटीपुढचा साधा प्रस्ताव आहे: नाताळच्या रात्री मराठी गाणं कन्नड बायकांनी म्हणायचं, कन्नड गाणं मराठी बायकांनी. उच्चार चुकतील. ‘ळ’वरून थोडं हसू होईल. पण ज्या भाषेला आपण खिडकीवर घाबरतो तिच्यात एकदा देवाचं गाणं म्हटलं, की पुढच्या खेपेस ती फक्त सरकारची भाषा राहत नाही.

दुसरा आक्षेप एकीकरण समितीतल्या माझ्या मित्रांचा आहे आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. ते म्हणतात, शांतीचं हे बोलणं नेहमी दुबळ्यालाच ऐकवलं जातं. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला शांती परवडते. 1 जून 1986 ला कन्नड सक्तीविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसांवर गोळ्या चालल्या, हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर आम्ही दरवर्षी फुलं वाहतो. आता तुम्ही आम्हाला मेणबत्ती देणार? त्यांना माझं उत्तर असं, की दावा सोडा असं मी म्हणतच नाही. यशया संदेष्टा सांगतो, नीतीचं फळ शांती. म्हणजे आधी नीती, मग फळ. झाड तोडून फळ मागणाऱ्याच्या बाजूने संदेष्टा उभा नाही. यिर्मया तर जखम वरवर बांधून ‘शांती, शांती’ म्हणणाऱ्यांवर चिडतो. 1 नोव्हेंबरला, राज्य पुनर्रचनेच्या दिवशी, काळा दिवस पाळणारा माणूस त्याच हाताने रविवारी कन्नड भाषकाचा हात हातात घेऊ शकतो. त्यात विसंगती नाही. दावा सरकारवर आहे, तो न्यायालयात आहे. खिडकीतल्या रायचूरच्या मुलीवर तो नाही, बसमधल्या कंडक्टरवर नाही. हा फरक लढणाऱ्यांनी पाळला तर लढा दुबळा होतो, असं मला वाटत नाही. उलट फेब्रुवारी 2025 मध्ये त्या एका मारहाणीच्या गुन्ह्याने मराठीच्या बाजूने बोलणाऱ्यांचं तोंड किती दिवस बंद केलं, ते मित्रांनीच आठवावं.

वाटण्याच्या गोष्टीकडे येतो. नाताळात आम्ही वाटतो, यात वाद नाही. दिवाळीला शेजारून फराळाचं ताट येतं, डिसेंबरात आमच्याकडून नेवऱ्या, कलकल, केक जातो, वर विणलेला रुमाल घालून. ताट रिकामं परत करायचं नाही, हा बेळगावचा नियम. साखर तरी घालतात. फार सुंदर रीत आहे, मी तिच्याविरुद्ध नाही. पण हे ताट ज्यांच्याकडून ताट येणार त्यांच्याकडेच जातं. परतफेड करू शकत नाहीत त्यांना जेवायला बोलवा, असं येशूने सांगितलं होतं. मग अधिवेशनाच्या दिवसांत दुसऱ्या जिल्ह्यांतून बंदोबस्ताला आणलेले पोलीस बघा. थंडीत रात्रभर चौकाचौकात उभे, गावात एक माणूस ओळखीचा नाही, आणि मराठी गल्लीत त्यांच्याकडे कुणी चांगल्या नजरेने बघत नाही. कॅरलची फेरी त्यांना टाळून जाते. ती त्यांच्यापाशी थांबावी, चहा द्यावा, कन्नडमधलं एक गाणं म्हणावं. आणि त्याच दिवशी सकाळी ताब्यात घेतलेल्या कार्यकर्त्याच्या घरीही जाऊन यावं, त्याची आई जेवली का विचारावं. दोन्हीकडे जाणाऱ्याला दोन्हीकडून शिव्या बसतात, हे मान्य. पण एकीकडेच जायचं असेल तर त्याला चर्च कशाला हवं, पक्ष कार्यालयं भरपूर आहेत.

शेवटी त्या खिडकीचं काय? आमच्या पोरांना दोन्ही भाषा लिहिता येतात. कन्नड शाळेत सक्तीने शिकले म्हणा, मराठी घरात शिकले म्हणा, पण येतात. आगमनकाळात बहुतेक वर्षी तीन शनिवार पडतात. सकाळी दहा ते एक, दोन टेबलं मांडायची आणि येईल त्याचा अर्ज फुकट भरून द्यायचा: मराठी माणसाचा कन्नडमध्ये, आणि ज्याला हक्काने मराठीत निवेदन द्यायचंय त्याचं मराठीत, कलम 350 चा उल्लेख करून. नावातलं अक्षर आधारवर बघून घ्यायचं. कुणी म्हणेल, चर्चच्या आवारात हे केलं तर ‘आमिष’ म्हणून बोंब होईल. 2023 मध्ये मंत्रिमंडळाने तो धर्मांतरविरोधी कायदा रद्द करायचं ठरवलं, तरी बोंब मारायला कायदा लागत नाही, हे खरं आहे. तर मग आवारात करूच नये. गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाला विचारावं. डिसेंबरात त्यांचा हॉल रिकामाच असतो आणि टेबल-खुर्च्या त्यांच्याकडे आमच्यापेक्षा जास्त आहेत. त्यांची दोन पोरं, आमची दोन, कन्नड शाळेतले एक निवृत्त सर मिळाले तर उत्तम. प्रार्थना नाही, पत्रक नाही, बॅनर तर नाहीच, नाही तर फलकांच्या नियमाप्रमाणे त्यावर 60 टक्के कन्नड आहे की नाही यावरूनच पहिला शनिवार जायचा. जवळ झेरॉक्सचं दुकान हवं आणि स्टॅम्प पॅड ओलं हवं, अंगठा उठवायला येणारे बरेच असतील.